वाचकांचे प्रश्न: जुन्या मोटारीत चांगला आवाज, पत्र्याला भोक न पाडता

या अंकासाठी आलेल्या पत्रांमधली इच्छा एकच आहे. गाडी पन्नास-साठ वर्षांची आहे, तिच्यात नीट गाणी ऐकायची आहेत आणि गाडीची वाट लावायची नाही. उत्तरं देताना आम्ही एकच कसोटी लावली आहे: बसवलेलं सगळं एका दुपारी साध्या पान्यांनी उतरवता आलं पाहिजे, आणि उतरवल्यावर काही बसवलं होतं याची खूणही राहता कामा नये. या कसोटीत न बसणारा उपाय कितीही छान वाजत असला तरी इथे दिलेला नाही.

प्रश्न: माझी गाडी १९६५ ची एमजीबी. चार स्पीकर आणि ४ × १०० वॉटचा ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) बसवायचा विचार आहे. डायनामोला हे झेपेल का?

झेपणार नाही, आणि गरजही नाही.

आधी हिशेब. या गाडीवरचा ल्युकस सी-४० डायनामो इंजिन चांगलं फिरत असताना जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. रात्री हेडलाइट साधारण ८ अँपिअर खातात. बाजूचे, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे मिळून २ ते ३, इग्निशन कॉईल ३ ते ४, वायपर २ ते ३. म्हणजे पावसात, रात्री, गाडी पळत असताना तुमच्या हातात पाचेक अँपिअर उरतात. सिग्नलला थांबलात की तेवढेही नाहीत. आयडलिंगवर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, कटआऊट (डायनामोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा स्विच) उघडतं आणि सगळा भार बॅटरीवर जातो. डॅशवरचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळेच.

आता ॲम्प. खऱ्या म्हणजे आरएमएस ४ × १०० वॉटच्या क्लास-डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या) ॲम्पला पूर्ण जोरावर ३५ अँपिअरच्या वर लागतात. गाणं सतत पूर्ण जोरावर नसतं हे खरं, पण मोठ्या आवाजात सरासरी त्याच्या एक तृतीयांश धरावी लागते. म्हणजे १२ अँपिअर झालेच. ४ × ४५ वॉटचा ॲम्प याच हिशेबाने मोठ्या आवाजात ५-६ अँपिअरवर भागतो आणि रोजच्या आवाजात दोनच्या आसपास. तुमच्या डायनामोला हाच शोभतो.

डब्यावर छापलेल्या वॉटवर मात्र विश्वास ठेवू नका. ॲम्पच्या अंगावरचा फ्यूज बघा. फ्यूजचे अँपिअर गुणिले १३.५ व्होल्ट गुणिले ०.८, एवढीच त्याची कमाल ताकद. १५ अँपिअरचा फ्यूज असेल तर चारही चॅनेल मिळून १६० वॉटच्या आसपास, म्हणजे चॅनेलमागे ४०. त्यावर ‘१००० वॉट’ लिहिलेलं असलं तर लिहिणाऱ्याचं अक्षर छान आहे, एवढंच म्हणायचं.

आवाज वाढवायचा तो स्पीकरच्या संवेदनशीलतेतून. स्पीकरच्या कागदावर ‘१ वॉट, १ मीटर’ला किती डेसिबल ते दिलेलं असतं. ८६ डेसिबलच्या स्पीकरला ज्या आवाजासाठी ४० वॉट लागतात, त्याच आवाजाला ९२ डेसिबलच्या स्पीकरला १० पुरतात. दर ३ डेसिबलला वीज निम्मी होते. जुन्या गाडीत वॉट विकत घेण्यापेक्षा डेसिबल विकत घ्यावेत. मोठी बॅटरी टाकून प्रश्न सुटत नाही. ती रिकामी व्हायला उशीर लावते, पण भरायला तोच डायनामो आहे.

दोन गोष्टी तुमच्या गाडीपुरत्या. सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत. त्यांतल्या एकाच बॅटरीवरून काहीही चालवू नका. एक कायम अर्धी आणि दुसरी जास्त भरलेली राहून दोन्ही मरतात. आणि मुळात ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे (बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं), तेव्हा पुढचे दोन प्रश्न वाचल्याशिवाय एकही तार जोडू नका.

प्रश्न: ॲम्पला वीज कुठून घ्यायची? मेकॅनिक म्हणतो, फ्यूज बॉक्समध्ये जागा आहे, तिथूनच घेऊ.

तिथून नको. जुन्या ब्रिटिश गाड्यांतल्या काचेच्या फ्यूजवर ‘३५’ लिहिलेलं असतं, पण तो ३५ अँपिअरला उडतो असा त्याचा अर्थ. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता १७ अँपिअर. त्यावर हॉर्न, वायपर, हीटर आधीच टांगलेले आहेत. शिवाय त्याच्या मागची तार साठ वर्षांची, आतून काळी पडलेली आणि कडक झालेली. तिच्यातून जास्तीचे अँपिअर नेले की फ्यूज थंड राहतो आणि तार तापते.

ॲम्पला बॅटरीपासून स्वतंत्र केबल टाका. २० अँपिअरपर्यंतच्या ॲम्पला आणि ४-५ मीटर अंतराला ८ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची केबल पुरते. ४ मीटर केबलीत २० अँपिअरला ०.१७ व्होल्ट पडतात. तीच केबल ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.३४ व्होल्ट. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, ती घेऊ नका. तिचा रोध जास्त आणि लगच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीच्या) आत ती सैल होत जाते.

बॅटरीच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवा, २५ अँपिअरचा. हा फ्यूज ॲम्पसाठी नाही, केबलसाठी आहे. वाटेत कुठे केबलचं आवरण घासून ती पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज ॲम्पजवळ लावला असेल तर तो या प्रसंगात नुसता बघत बसतो.

बोनेटखालून आत यायला नवं भोक पाडायची गरज क्वचितच पडते. स्पीडोमीटरच्या केबलचं ग्रोमेट (पत्र्याच्या भोकातलं रबरी कडं), हीटरच्या पाइपांची वाट, किंवा उजव्या-डाव्या स्टिअरिंगच्या दोन्ही आवृत्त्या निघत असल्याने ‘दुसऱ्या’ बाजूला ठेवलेली, रबरी बूच मारलेली भोकं शोधा. बूच काढून त्या मापाचं ग्रोमेट बसवा आणि मूळचं बूच नाव लिहून पिशवीत ठेवा. ग्रोमेटशिवाय केबल पत्र्यातून नेणं म्हणजे करवतीवरून नेणं.

ॲम्प चालू-बंद करणाऱ्या बारीक तारेसाठी मूळच्या हार्नेसमधल्या (गाडीच्या तारांच्या जुडग्यातल्या) तारेवर चावा घेणारा निळा क्लिप कनेक्टर कधीही लावू नका. तो तारेचे काही धागे तोडतो, तिथे ओल शिरते आणि दोन वर्षांनी भलताच दिवा बंद पडतो. गाडीत गोल बुलेट कनेक्टर असतील तर दोन बुलेटच्या नळीऐवजी चार बुलेटची नळी घाला. चपटे असतील तर ६.३ मिलिमीटरचा ‘पिगीबॅक’ टर्मिनल मूळच्या टर्मिनलवर चढतो. एकही तार कापली जात नाही. इग्निशनवर चालू होणाऱ्या अशा एका तारेने साधा ४ पिनांचा रिले चालवा: ८६ ला ही तार, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वीज, ८७ वरून रेडिओ किंवा ब्लूटूथ रिसीव्हर आणि ॲम्पचा रिमोट (चालू-बंदची ती बारीक तार). जुन्या स्विचवर भार येतो तो रिलेच्या कॉईलचा, ०.१५ अँपिअर, बस्स.

अर्थची तार ॲम्पपासून अर्ध्या मीटरच्या आत, आधीच असलेल्या एखाद्या बोल्टवर. रंग खरवडू नका. बोल्टच्या आट्यांमधून संपर्क मिळतो का ते मीटरने तपासा, बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत ०.१ ओहमच्या आत हवा. (मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध आधी मोजून वजा करा, नाहीतर उगाच अर्धा दिवस अर्थ शोधत बसाल.) मिळत नसेल तर सरळ बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत दुसरी केबल न्या. पेट्रोलची टाकी, तिची नळी आणि ब्रेकचे पाइप कुठून जातात ते गाडीखाली झोपून बघितल्याशिवाय डिक्कीत एक स्क्रूसुद्धा फिरवू नका. कित्येक जुन्या गाड्यांत डिक्कीचा तळ म्हणजेच टाकीचं झाकण असतं.

प्रश्न: १९६३ ची सलून आहे. नवा कार स्टिरिओ नुसता डॅशमध्ये सरकवला आणि धूर निघाला. स्पीकरची एकही तार जोडलेली नव्हती, फक्त एरिअल आणि वीज.

तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. आजच्या जवळजवळ प्रत्येक स्टिरिओचा डबा, एरिअलच्या केबलभोवतीची तारांची जाळी आणि आरसीएची (ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या केबलची) जाळी आतून उणे टोकाला जोडलेली असते. स्टिरिओची वीज तुम्ही उलट-सुलट करून बरोबर दिली असेल, पण डबा डॅशच्या पत्र्याला टेकला त्या क्षणी बॅटरीची दोन्ही टोकं एकमेकांना भिडली. एरिअलच्या जाळीनेही तेच केलं. फ्यूज उणे तारेवर नसेल तर जळते ती जाळी.

कागदपत्रांवर विसंबू नका. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते डोळ्यांनी बघा. मधल्या एखाद्या मालकाने बदल करून ठेवलेला असतो आणि सांगायला तो जागेवर नसतो.

दोन मार्ग आहेत. पहिला, गाडी निगेटिव्ह अर्थ करणं. ऐकायला मोठं वाटतं, पण यात काही कापावं लागत नाही आणि परत फिरता येतं. क्रम असा:

बॅटरी सोडवून फिरवा. अधिकचा खुंट उणेपेक्षा जाड असतो, त्यामुळे केबलींच्या टोकांचे क्लॅम्प बदलावे लागतात. खुंट कानशीने घासू नका. इग्निशन कॉईलवरच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करा. केली नाही तरी इंजिन चालतं, पण ठिणगी उलट्या दिशेने पडते, तिला जास्त व्होल्टेज लागतं आणि चढावर इंजिन अडखळतं. अँपमीटर असेल तर त्याच्याही तारा उलटवा. मग डायनामोला नवी दिशा शिकवा: त्याच्या ‘एफ’ टोकावरची बारीक तार काढा, बॅटरी जोडलेली असू द्या, बॅटरीच्या जिवंत टोकाकडून आणलेली एक तार ‘एफ’ टोकाला सेकंदभर टेकवा, असं तीन-चार वेळा. छोटी ठिणगी दिसेल. हे इंजिन सुरू करण्याच्या आधी. विसरलात तर डायनामो जुन्याच दिशेने वीज बनवतो आणि कटआऊटचे पॉइंट जळून चिकटतात.

स्टार्टर आणि जुने गुंडाळी असलेले वायपर मोटर दोन्ही दिशांना सारखेच चालतात. कायम चुंबक असलेला नंतर बसवलेला पंखा उलटा फिरेल, त्याच्या तारा बदला. अडचण एकच मोठी: साठच्या दशकातला विजेवर चालणारा टॅकोमीटर. तो आतून बदलून घ्यावा लागतो. केबलने फिरणाऱ्याला काही होत नाही.

दुसरा मार्ग, गाडी जशी आहे तशी ठेवून संगीताची यंत्रणाच बॉडीपासून तोडणं. १२ व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा विलगित डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या. ‘विलगित’ हा शब्द महत्त्वाचा, नुसता कन्व्हर्टर चालत नाही, कारण साध्या कन्व्हर्टरची दोन्हीकडची एक तार आतून एकच असते. घेतल्यावर मीटर लावून खात्री करा, आत आणि बाहेरच्या उणे टोकांमध्ये जोडणी दिसता कामा नये. त्याच्या पुढे ॲम्प नेहमीसारखा जोडा. टॅकोमीटर मूळचा असेल आणि गाडी प्रदर्शनांत जात असेल, तर आमचा कौल या दुसऱ्या मार्गाला.

प्रश्न: दारांत स्पीकर नाहीत. डॅशमध्ये मधोमध एकच अंडाकृती जाळी आहे. दाराचं पॅनल कापायचं नाही. मग स्टिरिओ मिळवायचा कसा?

पॅनल कापायचं नाही हे उत्तमच. कापलं तरी त्या दारात आवाज चांगला येत नाही. पत्रा पातळ, आत पाण्याची वाट, आणि काच खाली आली की बहुतेक स्पीकरच्या मॅग्नेटला टेकते.

डॅशच्या जाळीत दोन व्हॉइस कॉईलचा ४ × ६ इंची स्पीकर बसतो. एका कॉईलला डावा चॅनेल, दुसरीला उजवा. डावं-उजवं वेगळं ऐकू येणार नाही, पण दोन्ही चॅनेलमधलं सगळं ऐकू येईल. साध्या एका स्पीकरला ॲम्पचे दोन चॅनेल एकत्र जोडायचा ‘जुगाड’ करू नका, त्यात ॲम्प जातो. बसवण्याआधी वायपरचे दांडे हाताने पूर्ण फिरवून बघा. डॅशखालची ती जोडणी मॅग्नेटपासून बोटभर अंतरावरून जाते आणि स्पीकर बसल्यावरच कळतं.

खरा स्टिरिओ पायांजवळ मिळतो. डॅशच्या खाली, दाराच्या बिजागरांच्या पुढे जो बाजूचा पत्रा असतो, त्यावर एक कापडी किंवा पुठ्ठ्याचं पॅनल असतं. ते काढून जपून ठेवा. त्याच मापाचं ६ मिलिमीटर प्लायचं पॅनल बनवा, १३ सेंटिमीटरचा स्पीकर त्याला लावा आणि मूळच्याच स्क्रूंनी बसवा. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. त्यामागे हवेची झडप असते, ती उघडून खोली मोजा. चालकाच्या बाजूला बूट घालून क्लच पूर्ण दाबून बघा. चपलेवर मोजलेलं अंतर बुटाला पुरत नाही.

दोन्ही स्पीकरांचं कानांपासूनचं अंतर जवळपास सारखं असल्याने इथून आवाज समोरून आल्यासारखा वाटतो. मागच्या काचेखालच्या फळीवरचे स्पीकर सोपे, पण संगीत डोक्यामागून येतं आणि उन्हात स्पीकरचे कोन (आवाज काढणारे पडदे) सुकतात. मागे बसणारं कोणी नसेल तर ते लावूच नका.

राहता राहिला बेस. उघड्या स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांना खोडते, म्हणून पेटी हवी. १६.५ सेंटिमीटरच्या मध्यम स्पीकरला साधारण १० लिटरची बंद पेटी जमते. आतून ३० × २४ × १४ सेंटिमीटर केली की १० लिटर भरतात, मॅग्नेट त्यातला अर्धा लिटर खातो. १२ मिलिमीटरचा जलरोधक प्लाय वापरा. एमडीएफ ओलीने फुगतं, आणि जुन्या गाडीत ओल असतेच. सांधे गोंद लावून स्क्रूने आवळा, आतून सिलिकॉन फिरवा, १५०-२०० ग्रॅम पॉलिएस्टरचा कापूस सैल भरा. मागच्या सीटच्या खाली किंवा पुढच्या सीटच्या मागे जागा मोजून मगच लाकूड कापा. तेवढी जागा नसेल तर स्वतःचा ॲम्प असलेला सीटखालचा चपटा सबवूफर घ्या. तो जमिनीला थरथर देतो, खर्जाचा सूर देत नाही, पण पुष्कळांना तेच हवं असतं.

पेटी सुटून पडता कामा नये. अपघातात ५ किलोची पेटी मागून येते. ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी पेटीला लावून तिचं दुसरं टोक सीटच्या रुळाच्या बोल्टखाली घाला. बोल्ट मूळच्यापेक्षा पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब, त्याच आट्यांचा आणि निदान ८.८ दर्जाचा घ्या. पट्टीखाली रबर किंवा फोम मात्र नको. ते दबत जातं, बोल्ट सैल होतो, आणि मग सुटते ती पेटी नाही, सीट.

प्रश्न: १९६४ ची फोक्सवॅगन बीटल, ६ व्होल्ट. १२ व्होल्ट करायची नाही.

करूही नका. ६ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, पण १२ व्होल्टच्या बाजूला ५ अँपिअर हवे असतील तर ६ व्होल्टच्या बाजूला ११-१२ जातात, आणि हेडलाइट आधीच १५ खात असतात.

संगीताला स्वतःची बॅटरी द्या: १२ व्होल्ट, २० अँपिअर-तास, लिथियम आयर्न फॉस्फेट. वजन अडीच किलोच्या आसपास. सरासरी २.५ अँपिअरला, ८० टक्के वापरली तर, सहा तास वाजते. घरी काढून तिच्याच चार्जरवर भरा. शून्य अंशाखाली गोठलेली असताना चार्ज करू नका. गाडीच्या विजेशी आणि बॉडीशी काहीही संबंध नाही, त्यामुळे अर्थ पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, फरक पडत नाही. डायनामोची शिट्टी तारांमधून येत नाही. वरच्या पत्रलेखकांनाही हा तिसरा मार्ग खुला आहे. फ्यूज इथेही बॅटरीच्या टोकाजवळच.

जागा मागच्या सीटच्या पाठीमागचा सामानाचा खण. पुढच्या बोनेटखाली नको, तिथे पेट्रोलची टाकी आहे. मागच्या सीटखाली गाडीची बॅटरी असते. तिच्यावरचं झाकण जागेवर आहे ना ते याच निमित्ताने बघून घ्या. झाकण नसेल आणि जड माणूस बसला, तर सीटच्या स्प्रिंगा टोकांना टेकतात आणि आतलं भरण पेट घेतं.

प्रश्न: मूळचा रेडिओ चालू आहे, आवाज बारीक. त्यालाच नवे ४ ओहमचे स्पीकर लावले तर?

लावू नका. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचा शेवटचा टप्पा पुष्कळदा ८ किंवा १० ओहमसाठी बनवलेला असतो. ४ ओहमला तो दुप्पट प्रवाह देऊ बघतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळतो, तो आता सहज मिळत नाही. स्पीकर अजिबात न जोडता रेडिओ चालू करणंही तितकंच वाईट. व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर वीज काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये २०० व्होल्टच्या वर राहू शकतात, झाकण उघडू नका.

रेडिओला त्याच्या जागी, त्याच्या स्पीकरसह राहू द्या. ब्लूटूथ असलेला छोटा ॲम्प ग्लोव्हबॉक्सच्या मागे किंवा सीटखाली प्लायच्या फळीवर बसवा आणि आवाजाचं एक बटण ॲश-ट्रेच्या खाचेत. ॲश-ट्रे काढली की दिसतं, लावली की गाडी १९६० सालची.

प्रश्न: इंजिन वाढवलं की स्पीकरमधून शिट्टी येते, आणि वेगळी टिकटिकही. दोन इलेक्ट्रिशियन झाले.

शिट्टी आणि टिकटिक ही दोन दुखणी आहेत, म्हणून एकाच औषधाने दोघांचाही इलाज होईना.

इंजिन चालू ठेवून ॲम्पमधून आरसीए केबली उपटा. शिट्टी तशीच राहिली तर दोष ॲम्पच्या विजेत किंवा अर्थमध्ये. गेली तर ती सिग्नलबरोबर येत होती. आता केबली परत लावा आणि फोनचं चार्जिंग काढा. इथेच निम्म्या शिट्ट्या बंद होतात. फोन चार्जरमधून अर्थ झालेला, ॲम्प दुसरीकडे अर्थ झालेला, आणि दोन अर्थांमधला व्होल्टचा बारीक फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो. दोघांची अर्थ तार एकाच बोल्टवर आणा. तरीही राहिली तर आरसीएच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा ग्राउंड-लूप आयसोलेटर घाला, त्यात बेस किंचित कमी होतो. वीज आणि आरसीए केबली गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या. एकमेकींना ओलांडायचं झालं तर काटकोनात.

डायनामोच्या जाड ‘डी’ टोकावर १ मायक्रोफॅरडचा सप्रेशन कंडेन्सर लावा, त्याचं अंग डायनामोच्या बोल्टला. बारीक ‘एफ’ टोकावर चुकूनही नाही. तिथे तो व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचे पॉइंट जाळतो.

टिकटिक म्हणजे इग्निशन. नुसत्या तांब्याच्या प्लग-वायर असतील तर ५ किलोओहमच्या टोप्या किंवा रोधक प्लग बसवा. दुसरा १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कॉईलच्या त्या टोकावर जिथे इग्निशन स्विचकडून वीज येते. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टोकावर लावलात तर ठिणगीच कमजोर होते आणि गाडी सुरू व्हायला रडते. अर्थ उलटवलेल्या गाडीत तारांची अदलाबदल झालेली असते, तेव्हा कॉईलवर छापलेल्या अक्षरांवर न जाता तार कुठून आली ते हाताने पकडून शोधा.

मीडियम वेव्ह ऐकणाऱ्यांसाठी एक इशारा: स्वस्त क्लास-डी ॲम्प स्वतःच त्या पट्ट्यात खरखर सोडतो. रेडिओपासून लांब ठेवा किंवा क्लास-एबी घ्या.

प्रश्न: आवाज रोखणारे ब्यूटाइलचे चिकट पट्टे सगळीकडे लावू का?

मूळच्या रंगावर नको. पाच वर्षांनी काढताना रंगही येतो. दाराच्या तळाची पाण्याची भोकं त्याखाली बुजली तर दार आतून सडतं. बंद छिद्रांच्या फोमवर जड व्हिनाइलचा थर असलेली चटई कार्पेटखाली नुसती अंथरा, न चिकटवता. वर्षातून एकदा उचलून खाली ओल आहे का बघा. तागाचा नमदा पाणी धरतो, तो टाळा.

प्रश्न: फेंडरला भोक न पाडता एफएम?

काचेच्या आतल्या बाजूला चिकटणारी वर्धकाची फिल्म एरिअल, वरच्या कडेला. बॉडी फायबरग्लासची असेल तर एरिअल आतल्या आतच बसते.

प्रश्न: सगळं बसवलं. आवाज मोठा केला की फाटतो, आणि ॲम्पचा ‘गेन’ पूर्ण उघडा आहे.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. आधी फोनचा आणि स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा, बेस-ट्रेबल शून्यावर. स्पीकरच्या तारा ॲम्पमधून काढा. फोनवर १ किलोहर्ट्झची पूर्ण पातळीची टोन वाजवा आणि ॲम्पच्या स्पीकर टोकांवर एसी व्होल्ट मोजा. ४५ वॉट आणि ४ ओहमला १३.४ व्होल्ट हवेत. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत १३.४ ला थांबा. बेसच्या चॅनेलला ५० हर्ट्झची टोन घेऊन हेच करा. टोन बंद करून मगच तारा परत लावा.

पायांजवळच्या १३ सेंटिमीटरच्या स्पीकरांना हाय-पास फिल्टर (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) १०० हर्ट्झवर, पेटीला लो-पास (फक्त खर्ज जाऊ देणारा) ८० वर. लहान कोनाला खर्ज पाठवलात तर तो फडफडतो, आणि तुम्हाला ऐकू येणारं फाटणं बहुधा तेच आहे. शेवटी फेज: दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर लावा, अधिक अधिकला. प्रत्येक कोन बाहेर यायला हवा. एखादा आत गेला तर त्याच्या तारा उलट्या आहेत, त्या बदलल्या की बेस आपोआप परत येतो.